कोरा नमुना

रेघ शून्याच्या खाली होती. फार नाही, पडद्यावर मोजली तर तांदळाच्या कणीएवढी. पण तेरा दिवसांपैकी अकरा दिवस ती खालीच होती. त्या प्रत्येक दिवसापुढे राखाडी अक्षरांत एकच शब्द होता: थकवा.

ऋजुताने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. रेघ तिच्या नवऱ्याची होती, श्रीरंगची. चार वर्षांपूर्वीची, स्पीतीच्या सहलीची. लग्न ठरत होतं तेव्हापासून तो स्पीतीचं नाव घ्यायचा, आणि अखेर एकटाच जाऊन आला होता. आल्यावर "मस्त झाली" म्हणाला. तिनेही "छान" म्हटलं, आणि त्याची सॅक धुवायला टाकली. यंत्राने त्या सहलीला एकाहत्तर गुण दिले होते. आज तिला कळलं, ते गुण उरलेल्या दोन दिवसांचे होते. थकव्याचे अकरा दिवस हिशेबात धरलेच नव्हते.

श्रीरंग थकणारा माणूस नव्हता. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली ती उभ्यानेच. निवृत्तीनंतरही सांगलीहून हरिपूरला चालत जायचा आणि चालतच परत यायचा. असा माणूस, डोळ्यांसमोर आयुष्यभर पाहायचा राहिलेला डोंगर असताना, अकरा दिवस सलग थकतो?

ही जुनी नोंद तिने उघडली त्याचं कारण साधं होतं. दोघांच्या सहली ठरवून देणाऱ्या या यंत्राची, 'जोडवाट'ची, जुनी आवृत्ती बंद होणार होती. ज्यांना आपली मूळ मोजमापं हवी असतील त्यांनी महिनाभरात उतरवून घ्यावीत, असा निरोप आला होता. बहुतेकांनी तो वाचलाही नसेल. ऋजुताने मात्र बत्तीस वर्षं पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली होती. नोंद टाकून द्यायची तिच्या हाताला सवय नव्हती.

जोडवाट घरात येण्याआधी या दोघांच्या सहली म्हणजे एक रीतसर युद्ध असे. ऋजुता दीड महिना आधी तक्ता करायची: गाडी, वेळ, अंतर, मुक्काम, पाणी कुठलं प्यायचं, एखादी गाडी चुकली तर दुसरी कुठली. श्रीरंग तक्ता वाचून "फर्स्टक्लास" म्हणायचा आणि वाटेत कुठेतरी खिडकीबाहेर बघून विचारायचा, "उतरूया का?"

बदामीला जाताना जमखंडीच्या अलीकडे एका खेड्यात बाजार भरला होता. एक म्हातारा बैलांची शिंगं रंगवत होता. "उतरूया का?" असं म्हणेपर्यंत श्रीरंग पिशवीसकट खाली उतरलेला. पुढची गाडी साडेतीन तासांनी होती. बदामीला पोचले तेव्हा लेण्यांचं फाटक बंद होत होतं. ऋजुता दीड दिवस बोलली नाही. मग तोच म्हणाला, "पुढच्या वेळी तक्त्यात एक रकाना वाढव. अबोला, दीड दिवस. म्हणजे वेळ आधीच राखून ठेवता येईल." ती हसली नसती, पण तोंडात चहा होता आणि तो नाकातून आला.

लग्नाच्या चोविसाव्या वाढदिवसाला त्यांच्या मुलीने, अन्विताने, जोडवाट भेट दिली. "भांडत जा, पण घरी," ती म्हणाली. "परगावी जाऊन भांडायला भाडं कशाला भरता?"

यंत्र म्हणजे मनगटावरची एक पातळ पट्टी. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर कधीच अगदी सारखं नसतं. माणूस निवांत असला की ते सैलपणे कमीजास्त होतं, ताणात असला की आवळून एकसारखं होतं. कातडीवरचा घाम विजेला किती वाट देतो, बोटांच्या टोकांची ऊब किती घटते, हेही पट्टी दर सेकंदाला टिपायची. वर्षभर टिपल्यावर त्या माणसाचं एक गणिती प्रतिरूप तयार व्हायचं. काय आवडतं असं तो सांगतो ते नव्हे, तर त्याच्या शरीराला खरोखर काय मानवतं, ते त्या प्रतिरूपाला ठाऊक असे. मग नवऱ्याचं आणि बायकोचं प्रतिरूप आपसात वाटाघाटी करत. माणसं एका सहलीवरून आठवडाभर वाद घालतात. ती दोन प्रतिरूपं तेवढ्यात लाखभर सहली मनातल्या मनात करून परत येत आणि कोणावरच अन्याय होणार नाही अशी एक निवडून पुढे ठेवत.

आणि ती निवड चांगली असे. पहिल्या वर्षी यंत्राने त्यांना कोचीला पाठवलं, पण सकाळी तिला वस्तुसंग्रहालयात आणि त्याला बंदरावर. भांडण झालं नाही. दुसऱ्या वर्षी गाव एकच, मुक्काम दोन. तिसऱ्या वर्षापासून गावंही दोन झाली. ती हंपीला, तो भंडारदऱ्याला. पुढे ती चिदंबरमला, तो स्पीतीला. दोघांचे गुण वर्षागणिक वाढत गेले. ओळखीपाळखीत त्यांचं उदाहरण दिलं जाऊ लागलं.

श्रीरंग प्रत्येक सहलीहून तिच्यासाठी एकच गोष्ट आणायचा. तिथल्या बसस्थानकावरचं किंवा धक्क्यावरचं वेळापत्रक, फळ्यावरून हाताने उतरवलेलं, चित्रकलेच्या मास्तरांच्या सुबक अक्षरात. गाडी सुटण्याची वेळ, मार्ग, शेवटचा थांबा. तिला वेळापत्रकं आवडतात म्हणून. सुरुवातीची तिने फाइलला लावली होती. अलीकडची तीन कपाटात गुंडाळ्यांसारखी पडून होती, रबरबँडही न काढलेली.

ऋजुताने त्या दुपारी एकेक सहल उघडून पाहिली. श्रीरंगच्या एकट्याच्या प्रत्येक सहलीत रेघ शून्याखाली होती. भंडारदरा, थकवा. स्पीती, थकवा. गेल्या वर्षीचं आसामातलं माजुली, थकवा. एका सहलीत असतं तर दुखणं म्हटलं असतं. सगळ्यांत असेल तर दोष माणसात नसतो, शून्यात असतो. प्रयोगशाळेत नव्या मुलांना ती पहिल्याच दिवशी हे सांगायची: आकडे विचित्र आले तर आधी शून्य तपासा.

मग तिला शून्य आठवलं.

पट्टी आल्यावर पहिल्यांदा ती शून्यावर आणावी लागे. सूचना होती: प्रत्येकाने एकट्याने, शांत जागी वीस मिनिटं बसावं. श्रीरंग बसायला निघालाही होता. ऋजुतानेच त्याला थांबवलं होतं.

पाण्यात क्षार किती हे मोजायचं तर आधी एक कोरा नमुना घ्यावा लागतो. प्रयोगशाळेत त्याला ब्लँक म्हणतात. जे मोजायचं ते सोडून बाकी सगळं त्यात असायला हवं: तीच बाटली, तीच रसायनं, तोच हात. त्याचं जे माप येईल ते शून्य धरायचं आणि खऱ्या नमुन्यातून वजा करायचं. मग उरतो तो निखळ क्षार. ऋजुताचं म्हणणं, यंत्राला मोजायच्या आहेत जागा. सहलीत आपण दोघं असणारच. तेव्हा कोऱ्या नमुन्यातही दोघं हवीत. सूचना लिहिणाऱ्याला ब्लँक म्हणजे काय हे कळलेलं नाही.

म्हणून ती दोघं आपल्या गॅलरीत बसली होती. संध्याकाळी पावणेसहाला, चहा घेऊन, समोरच्या चिंचेच्या झाडावर बगळे उतरत असताना. श्रीरंग काहीतरी पाणचट विनोद सांगत होता आणि ती "हलू नकोस, माप चाललंय" असं दटावत होती. वीस मिनिटं. यंत्राने ते टिपलं आणि त्याला शून्य म्हटलं.

चूक अगदी शास्त्रशुद्ध होती. एकमेकांच्या सोबतीने शरीराला जे काही मिळत होतं ते तिने बाटलीच्या काचेसारखं वजा करून टाकलं होतं. त्यानंतर ती दोघं कुठेही बरोबर गेली तरी यंत्राला दिसायची फक्त जागा. सोबतीचा हिशेब नेहमी शून्य. आणि वेगळी गेली की सोबतीची ती उणीव शून्याखाली उतरायची. यंत्र बनवणाऱ्यांनी धरलं होतं की शून्याखाली माणूस फक्त दमल्यावरच जातो. म्हणून ते सगळं थकवा म्हणून बाजूला.

दाराचं कुलूप वाजलं. श्रीरंग भाजी घेऊन आला होता.

"शेवग्याच्या शेंगा आणल्यात. तुझ्या यादीत नव्हत्या," तो आतूनच ओरडला. "यादीत होता दुधी. दुध्याचा चेहरा मला आवडला नाही."

"बरं," ती म्हणाली.

तो दारात येऊन उभा राहिला. "बरं? नुसतं बरं? तब्येत ठीक आहे ना?"

"ठीक आहे."

"ठाकूरचा फोन आला होता," तो म्हणाला. "रविवारपर्यंत सांगा म्हणतोय. एप्रिलपासून त्याला माणूस हवाय."

ठाकूर म्हणजे श्रीरंगचा हिमाचलमधला मित्र. तीर्थन नदीच्या काठी त्याचं पाहुण्यांना उतरवायचं घर होतं. त्याला ते वर्षभर सांभाळायला कोणीतरी हवं होतं, आवडलं तर पुढेही. दोन वर्षांपूर्वी त्याने पहिल्यांदा विचारलं तेव्हा श्रीरंग ऋजुताला म्हणाला होता, "ही शेवटची मोठी सहल. येशील?" तिने यंत्राला विचारू म्हटलं. यंत्राने सांगितलं: त्याने जावं, तिने इथे राहावं, दोघांचे गुण ऐंशीच्या वर. तो एकटा गेला नाही. ठाकूरला थोपवत राहिला आणि तिला दर दोन-तीन महिन्यांनी विचारत राहिला.

"बघू," ती आता म्हणाली.

"बघू," तो म्हणाला, आणि शेंगा निवडायला गेला.

*

दुसऱ्या दिवशी तिने त्याला सांगितलं की पट्टीचं शून्य पुन्हा घ्यायचंय. का, ते सांगितलं नाही.

"रक्त काढणार आहेस का?"

"नाही."

"मग कितीही वेळा घे."

तिने तीन दिवसांची मांडणी केली. दोघांनी आधी एकेकट्याने बसायचं, मग बरोबर. प्रत्येक माप तीनदा, कारण एकदाच घेतलेलं माप म्हणजे माप नव्हे, किस्सा असतो. गुरुवारी ती आतल्या खोलीत एकटी बसली. शुक्रवारी तो बसला आणि दुसऱ्याच मापाला घोरू लागला, ते माप रद्द करावं लागलं. शनिवारी संध्याकाळी पावणेसहाला दोघं गॅलरीत बसली. चिंच तीच होती. बगळे तेच कसे असतील, पण बगळे होते.

"असंच बसलो होतो ना मागे?" श्रीरंग म्हणाला. "तू मला दटावलं होतंस."

"हलू नकोस."

"हं. असंच."

तिला हसू आलं. तिने मनात नोंद केली की हसू आलं, पण ते आठवणीचं आलं. तो बोलत राहिला: ठाकूरच्या घरामागे म्हणे अक्रोडाचं झाड आहे, नदीचा आवाज इतका की भांडायचं तर खाणाखुणांनी भांडावं लागेल. ती ऐकत होती. मधेच तिच्या लक्षात आलं की ती ऐकत नाहीये, सोमवारी गॅसवाला येणार का याचा विचार करतेय.

तो पाय मोकळे करायला खाली गेला तेव्हा तिने आकडे काढले. आधी जुने. नऊ वर्षांपूर्वीचं गॅलरीतलं माप होतंच. त्या आठवड्यातले दोघांचे एकटे असतानाचे तासही नोंदीत होते. वजाबाकी सोपी होती. नऊ वर्षांपूर्वी सोबतीचं माप त्याचं चौतीस आलं, तिचं अडतीस. यंत्राने दाखवलेल्या कुठल्याही गावाचं, कुठल्याही डोंगराचं माप वीसच्या पुढे कधी गेलं नव्हतं.

अडतीस. तिने तो आकडा दोनदा पडताळून पाहिला.

मग आजचे. श्रीरंगचं माप एकतीस आलं. नऊ वर्षांत तीन उणे, तेही वयाचं असेल.

तिचं आलं तीन.

मापात चूक होण्याची शक्यता चारपर्यंत होती. म्हणजे तीनला काही अर्थ नव्हता. प्रयोगशाळेत असा आकडा आला की अहवालात शून्य लिहायचं नसतं, 'मर्यादेखाली' लिहायचं असतं. ती मुलांना सांगायची, याचा अर्थ पदार्थ नाहीच असा होत नाही. आपल्या उपकरणाला तो दिसत नाही, एवढंच. मुलं मान डोलवायची. पाणी पिणाऱ्याला मात्र त्याने काही फरक पडत नसे.

तिने आपल्या सहली पुन्हा एकामागून एक लावल्या. हंपी, खोल शून्याखाली, आठही दिवस. हंपीला जेवताना समोरच्या रिकाम्या खुर्चीवर तिने पिशवी ठेवली होती, हे तिला आठवलं. चिदंबरमला रेघ थोडी वर. मग आणखी वर. गेल्या वर्षी खजुराहोला ती शून्यावर टेकली होती, आणि थकवा हा शब्द नाहीसा झाला होता. शरीर उणिवेशी जमवून घेतं. कुठलंही शरीर घेतं. श्रीरंगच्या शरीराने ते का घेतलं नाही, हे मात्र कुठल्याही नोंदीत नव्हतं.

पडद्यासमोर बसलेल्या तिला वाईट वाटत होतं. पण ती सवयीने काटेकोर होती आणि स्वतःशी खोटं लिहू शकत नव्हती. तीन हा आकडा दिसला त्या क्षणी, वाईट वाटण्याच्या आधी, तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. शाळा सुटल्याची घंटा कानावर पडावी तसं. दोन वर्षं ती 'बघू' म्हणत होती, ते यंत्रामुळे नव्हे.

तिने कपाट उघडलं, तिन्ही वेळापत्रकं काढली, रबरबँड सोडले. माजुलीच्या होडीच्या वेळा होत्या. शेवटच्या ओळीखाली बारीक अक्षरात त्याने लिहिलं होतं: 'ही होडी नेहमी उशिरा सुटते. तुला चाललं नसतं.'

*

रविवारी सकाळी तिने चहा गॅलरीत नेला आणि सगळं सांगितलं. शून्य कसं चुकलं, कोणी चुकवलं, थकवा म्हणजे काय होता, नऊ वर्षांपूर्वी दोघांची मापं किती होती. श्रीरंग कप हातात धरून ऐकत होता. मधे एकदाच म्हणाला, "म्हणजे मला तिथे करमत नव्हतं, हे मशीनला कळलं होतं तर."

"तू का नाही बोललास?"

"तुझे गुण चढत होते, ऋजू. मला वाटलं, हिला एकटीला बरं वाटतंय. आपण कशाला मधे लुडबुडायचं."

"मला वाटलं तुला."

"हो ना." तो हसला. "दोन शहाणी माणसं, आणि मधे एक पट्टी."

मग तिने आजचे आकडे सांगितले. त्याचे आधी, मग आपले. आवाज अहवाल वाचताना असतो तसा सरळ ठेवला. तीन म्हटल्यावर त्याने कप खाली ठेवला. चिंचेखाली कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती पाचव्यांदा चालू झाली.

"तीन," तो म्हणाला.

"मापात चार चूक धरायची असते. म्हणजे तीनही नक्की नाहीत."

"नसू देत." तो तिच्याकडे वळून बसला. डोळे ओले होते, पण ओठांच्या कोपऱ्यात ती जुनी मिश्किल घडी होती. "तीन तर तीन. मी भागवीन तीनवर. अगं, तुझे तक्ते सांभाळत पंचवीस वर्षं काढली आहेत मी. तुझ्या अडतीसपर्यंत पोचलो होतो ना एकदा? परत पोचू. नदी आहे, अक्रोड आहे. पट्टी इथेच ठेवून जाऊ, गॅसवाल्याकडे."

ती हसली. या वेळीही हसू आलं, आणि या वेळीही तिने ते कुठून आलं हे पाहिलं.

तो खरंच भागवेल, हे तिला माहीत होतं. तो रोज सकाळी तिचा चेहरा बघून तीनचे चार झाले का ते शोधेल. ती त्याला दिसावेत म्हणून चार दाखवेल. नदीच्या आवाजात एक वर्ष, मग आणखी एक. आणि तो विनोद सांगत असताना ती सोमवारचा विचार करत असेल. इतक्या उशिरा दाखवायला तिच्याकडे खरे असे ते तीनच होते, आणि कुठल्याही तक्त्याने त्यांचे पुन्हा अडतीस होणार नव्हते.

"ठाकूरला काय सांगू?" त्याने विचारलं. "आणि आज बघू म्हणू नकोस, ऋजू. दोन वर्षं झाली."

"नाही म्हणत," ती म्हणाली. तिने डाव्या मनगटावरची पट्टी सोडली. खाली बोटभर रुंद फिकट कातडी होती, नऊ वर्षं ऊन न लागलेली. पट्टी तिने दोन कपांच्या मधे ठेवली आणि त्याच्याकडे बघितलं.

"तू जा, श्री. मी येणार नाही."